इओसिनोफिल 38 टक्के आले, टीबी नाही म्हणतात. ही पेशी आहे काय अन् वाढली काऊन?

पांढरं सोनं, वरोरा · सोमवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. माह्या लहान्या भावाले (वय 34) दोन महिन्यांपासून खोकला हाय. दिवसा काही नाई. रात्री दीड-दोन वाजले की सुरू होते, तो पहाटपर्यंत. उशीले टेकून बसून राह्यते बिचारा, छातीत शिट्टी वाजते. पहिले वाटलं वेचणीची धूळ असन. मंग वाटलं, डुकरं येतात म्हणून जागलीले जाते, थंडी लागली असन. वजन पाच किलो उतरलं. थुंकी दोनदा तपासली, टीबी निघाला नाई. एक्सरेत दोन्ही बाजूले बारीक ठिपके हायत. एका दवाखान्यात स्टेरॉईडच्या गोळ्या देल्ल्या, पाच दिवस एकदम मोकळा झाला, गोळ्या सरल्या अन् खोकला पहिल्यापेक्षा जोरात आला.

आज रक्ताचा रिपोर्ट आला. एकूण पांढऱ्या पेशी 16,200. त्यात इओसिनोफिल 38 टक्के.

घरात सगळे म्हन्तेत रक्त बिघडलं, पेशी वाढल्या म्हंजे कॅन्सर. आई सकाळपासून जेवली नाई. कोणाले माहीत असन तर नीट समजून सांगा.

काचपट्टी · सोमवार, रात्री 10:05

भाऊ, आधी आईला दोन घास खाऊ घाला. कॅन्सरमुळे ही पेशी वाढणं होतं, पण क्वचित. आपल्या भागात त्याआधी विचारायच्या दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्यांच्यावर चांगले उपचार आहेत.

मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, 19 वर्षं झाली. रोज ही पेशी पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं, टक्क्यावर जाऊ नका, आकडा काढा. 16,200 चे 38 टक्के म्हणजे 6,156. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये इतक्या इओसिनोफिल. साधारण 500 पर्यंत ठीक मानतात. 1,500 च्या वर गेलं की कारण शोधलंच पाहिजे, आणि 5,000 च्या वर म्हणजे भारी वाढ. टक्का फसवतो. एकूण पेशी 4,000 असतील तर 8 टक्के म्हणजे 320, काहीच नाही. एकूण 12,000 असतील तर तेच 8 टक्के म्हणजे 960.

आता पेशी कशी दिसते ते सांगते. बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं ओढायचा, जिभेसारखा पातळ पापुद्रा तयार होतो. वाळला की लीशमन रंग टाकायचा, मग बफरचं पाणी, सात-आठ मिनिटं थांबून धुवायचं. तेलाचा थेंब टाकून शंभरच्या लेन्सखाली धरलं की आधी फिक्या लाल पेशींचं शेत दिसतं आणि त्यात मधूनच जांभळ्या पोटाच्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल सगळ्यात जास्त, केंद्रक तीन ते पाच तुकड्यांचं, दाणे इतके बारीक की धूळ उडाल्यासारखे. आणि मग एखादी इओसिनोफिल येते. केंद्रकाच्या दोनच पाकळ्या, तुरीच्या डाळीच्या दोन फाका एका धाग्यानं जोडून ठेवाव्यात तशा. बाकी सगळी पेशी टपोऱ्या दाण्यांनी ठासून भरलेली, ज्वारीच्या कणसासारखी. रंग फाल्गुनातल्या पळसाचा. एकदा पाहिली की विसरत नाही.

तो रंगच तिचं नाव आहे. इओसिन नावाचा लालसर रंग आम्लधर्मी असतो आणि हिच्या दाण्यांतली प्रथिनं अल्कधर्मी, म्हणून दाणे तो रंग धरून बसतात. जर्मनीच्या पाउल एर्लिखनं 1879 मध्ये असे रंग वापरून पेशी वेगळ्या केल्या आणि हिला हे नाव दिलं.

हिचा जन्म हाडाच्या मगजात होतो. इंटरल्यूकिन-5 नावाचा निरोप आला की मगज ह्या पेशी जास्त बनवून रक्तात सोडतो. रक्तात ती तासांचीच पाहुणी, दिवसभरही नसते. मग शरीराच्या आत शिरते, मुख्यतः आतड्याच्या भिंतीत, आणि तिथे दिवसच्या दिवस राहते. आपण रक्तात मोजतो ते वाटेवरचे लोक. ज्या गावाला निघालेत तिथली गर्दी वेगळीच.

आता तुमचा खरा प्रश्न, वाढली का. जिवाणू छोटा असतो, न्यूट्रोफिल त्याला गिळून टाकते. जंत गिळता येत नाही. फायलेरियाचं, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताचं पिल्लू पाव मिलिमीटर लांब, आणि ही पेशी 12 ते 15 मायक्रॉनची, म्हणजे पिल्लू तिच्या वीसपट लांब. मग शरीर दुसरा मार्ग धरतं. जंताच्या अंगावर प्रतिपिंडं, म्हणजे शत्रू ओळखून त्याला धरणारी शरीराची प्रथिनं चिकटतात, त्या खुणेवर इओसिनोफिल येऊन बसतात, एकीशेजारी एक, आणि आपले दाणे त्याच्या अंगावर रिकामे करतात. दाण्यातलं मुख्य प्रथिन जंताची कातडी पोखरतं, सोबत पेरॉक्सिडेज आणि आणखी दोन विषारी प्रथिनं असतात.

तुम्ही जागलीचं लिहिलंत म्हणून सांगते. माळ्यावरचा माणूस डुकरं पळवायला टेंभा फेकतो तेव्हा डुकरं पळतात, पण दोन काकऱ्या पराटीही होरपळते. हे दाणे तसेच आहेत. जंताला लागतात आणि श्वासनलिकेच्या अस्तरालाही लागतात. तुमच्या भावाच्या छातीतली शिट्टी त्या होरपळीची असू शकते. पेशी ही बिमारी नाही. ती कोणासाठी धावून आली आहे ते शोधायचं आहे.

रात्रीचा खोकला, वजन उतरणं, एक्सरेतले ठिपके, टीबी नाही आणि 6,000 च्या वर आकडा. मला एक नाव सुचतं आहे, पण ते डॉक्टरांनी सांगावं.

धानपट्टीचा, ब्रह्मपुरी · सोमवार, रात्री 10:40

ताई, वाचून अंगावर काटा आला. माह्या मायचा पाय हत्तीपायानं सुजला होता, तीस वर्षं तिनं तो ओढला. लग्नाच्या पंगतीत ती कधी समोर बसली नाई, लुगडं पायावर ओढून भिंतीले टेकून बसे. तेव्हा कोणी रक्ताचं काही सांगतलंच नाई. वरोऱ्याच्या भाऊनं उशीर करू नये.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी · मंगळवार, सकाळी 7:20

प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी नोकरी गेली, चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे. काचपट्टी ताईंनी नाव घेतलं नाही, मी घेतो. ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. तपासल्याशिवाय नक्की म्हणणार नाही, पण वर्णन पुस्तकातून उतरवल्यासारखं आहे.

हा फायलेरियाचाच एक प्रकार. क्युलेक्स डास चावतो, जंत लसिकावाहिन्यांत वाढतात, त्यांची पिल्लं रात्री रक्तात उतरतात. बहुतेकांचं शरीर ती पिल्लं सहन करतं. काही थोड्यांचं शरीर मात्र अजिबात सहन करत नाही. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतच ती पकडली जातात आणि तिथेच इओसिनोफिलांचा हल्ला होतो. म्हणून खोकला, म्हणून दम. आणि म्हणूनच रात्री रक्त घेऊन पाहिलं तरी अशा माणसात पिल्लं सापडत नाहीत. ‘रात्रीचं रक्त निगेटिव्ह, म्हणजे फायलेरिया नाही’ असं कोणी म्हटलं तर इथे ते लागू होत नाही.

हा आजार भारतातच नीट ओळखला गेला. 1940 मध्ये मदनपल्लीच्या टीबी सॅनेटोरियममधल्या फ्रिमोड्ट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी लिहिलं की टीबीसारखे दिसणारे पण टीबी नसलेले काही रुग्ण आहेत आणि त्यांच्या रक्तात इओसिनोफिल भरमसाट आहेत. 1943 मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं. तेव्हा सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या इंजेक्शनांनी बरं वाटायचं. कारण फायलेरिया आहे हे नंतर कळलं. टीबी समजून महिनोन्‌महिने औषधं घेतलेले असे रुग्ण मी स्वतः पाहिलेत, त्याचं वाईट अजून वाटतं.

भाऊ, करायचं असं. सेवाग्राम तुम्हाला जवळ आहे, तिथे फायलेरियावर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. नाहीतर जिल्हा रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांना दाखवा. फायलेरियाची प्रतिपिंडं, रक्तातलं आयजीई (जंत आणि ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि शौचाची तपासणी करायला सांगा. हेच निघालं तर डीईसी नावाचं औषध साधारण तीन आठवडे देतात, बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच फरक पडतो. उपचार न करता वर्षं काढली तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कारण माहीत नसताना स्टेरॉईड घेऊ नका. स्टेरॉईडनं काही तासांत रक्तातल्या इओसिनोफिल खाली येतात, माणसाला बरं वाटतं, रिपोर्टही गोड दिसतो, आणि जंत जागच्या जागी राहतो. आपल्याकडे मातीतून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंतही आहे. तो अंगात असताना स्टेरॉईड दिलं तर तो बेफाम वाढतो, आतड्यातून सगळीकडे पसरतो, माणूस दगावू शकतो.

मोर्शीकर · मंगळवार, सकाळी 9:02

डॉक्टरसाहेब, मान राखून लिहितो, पण लोक हे वाचून स्टेरॉईडला विष समजतील. मला दमा आहे. संत्र्याच्या बागेत फवारणी झाली की आणि गाजर गवत फुललं की धाप लागते. माझ्या इओसिनोफिल 900 च्या आसपास राहतात. स्टेरॉईडचा पंप सुरू केला तेव्हापासून मी रात्री झोपतो. भीतीपोटी मी तो दोन वर्षं टाळला होता, तेव्हा दोनदा ऑक्सिजन लावावा लागला.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी · मंगळवार, सकाळी 9:30

तुमचं बरोबर आहे आणि तुम्ही लिहिलंत ते चांगलं झालं. दम्यात जंत नसतो, परागकणासारख्या निरुपद्रवी गोष्टीला शरीर शत्रू समजतं आणि तीच इओसिनोफिल श्वासनलिकेत येऊन बसते. तिथे तिला शांत करणं हाच उपचार. ओढायच्या पंपातलं स्टेरॉईड थोडं असतं आणि थेट फुप्फुसात जातं, ते बंद करू नका. माझा विरोध तपासणीआधीच्या गोळ्या-इंजेक्शनांना आहे. आता तर इंटरल्यूकिन-5 चा निरोपच अडवणारी इंजेक्शनं आहेत. मेपोलिझुमॅब 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, अवघड दम्यासाठी. आपल्या लोकांना किंमत परवडत नाही, पण मगजाला येणारा एक निरोप थांबवला की पेशी कमी होतात आणि झटकेही कमी होतात, हे त्यातून पक्कं झालं.

गुरांचा डॉक्टर · मंगळवार, दुपारी 1:15

विषय माझ्या जवळचा म्हणून दोन ओळी. जनावरांतही ही पेशी असते. घोड्याच्या रक्तात तर तिचे दाणे इतके मोठे असतात की पेशी तुतीच्या फळासारखी दिसते. शिकताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वर्गातले आम्ही सगळे आळीपाळीनं त्या एका पट्टीवर वाकलो होतो.

झेडपी गुरुजी, चिमूर · मंगळवार, सायंकाळी 6:48

आमच्या पाचवीतली एक मुलगी सतत थकलेली, डोळ्यांच्या पापणीत रक्त नाही. हिमोग्लोबिन 7.2, इओसिनोफिल 14 टक्के. घरचे म्हणतात ॲलर्जी. रोवणीच्या दिवसांत ती आईसोबत बांधीत जाते, पायात काही नसतं. हे त्याच गोष्टीशी जोडता येईल का?

काचपट्टी · मंगळवार, रात्री 8:30

गुरुजी, जोडता येतं. अनवाणी पाय, रक्त कमी आणि इओसिनोफिल जास्त, तिन्ही एकत्र आलं की पहिला संशय हुकवर्मचा. त्याची अळी ओल्या मातीत असते, पायाच्या बोटांमधून कातडीत शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात चढते, गिळली जाते आणि आतड्यात पोचते. तिथे भिंतीला तोंड रोवून रक्त पिते. अळी अंगातून प्रवास करत असते तेव्हा इओसिनोफिल सर्वांत जोरात वाढतात.

शौचाची तपासणी करायला सांगा. डबी दिली की घरचे लाजतात, सकाळचा नमुना येतच नाही. मी डबीवर फक्त नंबर लिहिते, नाव लिहीत नाही, तेव्हापासून नमुने येऊ लागले. अंडी दिसली तर अल्बेंडाझोल, आणि सोबत लोहाच्या गोळ्या, कारण जंत गेला तरी गेलेलं रक्त आपोआप भरून येत नाही. 7.2 कमी आहे, डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नका. शाळेत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला जंतनाशक गोळी देतात, त्या दिवशी ही मुलगी हजर होती का हेही बघा.

अजून एक. तिचा रिपोर्ट मशीनचा आहे की काचपट्टीचा, ते विचारा. लहान लॅबमध्ये पांढऱ्या पेशींचे तीनच गट करणारं मशीन असतं. त्यात इओसिनोफिल वेगळी येतच नाही, मोनोसाइट वगैरेंसोबत मधल्या गटात मिसळून जाते. माझ्याकडे असे रिपोर्ट येतात, त्यावर इओसिनोफिलची ओळच नसते आणि घरचे म्हणतात सगळं नॉर्मल आहे. पट्टी करून शंभर पेशी मोजायला दहा मिनिटं लागतात. ती मागून घ्या.

आशाताई, देसाईगंज · मंगळवार, रात्री 9:10

हत्तीरोगाच्या गोळ्या आम्हीच घरोघरी वाटतो. लोक हातात घेतात, ‘जेवल्यावर खातो ताई’ म्हणतात आणि कोनाड्यात ठेवतात. पुढच्या वर्षी त्याच कोनाड्यात त्या मला दिसतात. म्हणून आता समोर उभं राहून खाऊ घालतो. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि खूप आजारी माणसं सोडून.

गोळी खाल्ल्यावर कोणाला ताप येतो, डोकं दुखतं, मग गावभर होते की गोळी वाईट. ज्याच्या अंगात फायलेरियाची पिल्लं असतात त्यालाच बहुधा हा त्रास होतो, पिल्लं मरतात म्हणून. मागच्या फेरीत एका घरच्या सासूनं मला दारातून परत पाठवलं, तिच्या मुलाला ताप आला होता. मी दोन दिवस रोज जाऊन त्याला बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनंच सुनेसाठी गोळी मागितली. काचपट्टी ताईंनी लिहिलेलं मी छापून आरोग्य केंद्रात लावू का?

काचपट्टी · मंगळवार, रात्री 9:22

लावा ताई. डॉक्टरसाहेबांचं स्टेरॉईडबद्दलचंही लावा.

एमएस्सीची पोरगी, नागपूर · बुधवार, रात्री 11:50

मी प्राणिशास्त्र शिकते. ताईंच्या लिखाणात थोडी भर घालते, कारण ही पेशी फक्त मारेकरी आहे हे आता कोणी मानत नाही. 2008 मध्ये दिसलं की जिवाणूंविरुद्ध ती स्वतःच्या मायटोकाँड्रियातला (पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला) डीएनए बाहेर फेकते, त्याचं जाळं होतं आणि जिवाणू त्यात अडकतात. पेशी तरीही जिवंत राहते. हाडाच्या मगजात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी टिकवून ठेवायलाही तिची मदत होते. उंदरांवरच्या प्रयोगांत तर काही जंतांच्या बाबतीत इओसिनोफिल नसली तरी फार बिघडत नाही, आणि ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या स्नायूंतल्या अळ्या उलट इओसिनोफिल असल्या तर जास्त तगतात. म्हणजे हा जंत राखणदारालाच वापरून घेतो. मला हे वाचून झोप आली नव्हती.

खोकल्याच्या बडक्यात किंवा शौचात कधी टोकदार स्फटिक दिसतात, शार्को-लायडन स्फटिक म्हणतात त्यांना. ते हिच्याच एका प्रथिनाचे. पेशी फुटून गेली तरी ती तिथे येऊन गेल्याची खूण मागे राहते.

काचपट्टी · गुरुवार, सकाळी 6:40

पोरी, जंत तिला वापरून घेतो हे मला माहीत नव्हतं. स्फटिक मात्र मी पाहिलेत, दोन्ही टोकांना सुईसारखे. असंच लिहीत जा.

पांढरं सोनं, वरोरा · चार आठवड्यांनी, रविवार, दुपारी 4:15

मंडळी, उशिरा लिहितो, माफ करा. वेचणी सुरू होती अन् भावाच्या मागं धावपळ.

डॉक्टरसाहेबांनी सांगतलं तसंच निघालं. फायलेरियाची तपासणी पॉझिटिव्ह, आयजीई खूप वाढेल होतं. रात्रीच्या रक्तात काहीच दिसलं नाई, तुम्ही पहिलेच सांगतलं म्हणून आमी घाबरलो नाई. शौचात दुसरा जंत नाई. डीईसी तीन आठवडे देल्लं. पहिले दोन दिवस ताप आला, आशाताईचं वाचेल होतं म्हणून गोळी सोडली नाई. सहाव्या रात्री मी दोन वाजता आपोआप उठलो, सवयीनं. खोकल्याचा आवाज नव्हता. मी उठून त्याच्या नाकापुढं हात धरून पाह्यला. झोपला होता.

कालचा रिपोर्ट: एकूण 9,400, इओसिनोफिल 11 टक्के. म्हंजे 1,034. वजन दोन किलो भरलं.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी · रविवार, सायंकाळी 5:00

फार बरं वाटलं. आकडा अजून थोडा वर आहे, पण उतरतो आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त आणि एक्सरे करा. काही जणांना हा आजार उलटतो, तेव्हा औषध परत द्यावं लागतं. रात्रीचा खोकला पुन्हा आला तर वाट पाहू नका. आणि जागलीवर मच्छरदाणी न्यायला सांगा.

काचपट्टी · रविवार, सायंकाळी 5:25

आई कशा आहेत?

पांढरं सोनं, वरोरा · रविवार, रात्री 8:10

जेवते आता ताई. काल रिपोर्ट घ्यायले सोबत आली होती. तिथल्या लॅबच्या पोराले म्हने, माह्या पोराच्या अंगात जे होतं ते मले दाखव. त्यानं स्टूल देल्लं, पट्टी लावली, चष्मा काढायले सांगतला. लय वेळ पाह्यत राह्यली. मंग म्हने, खरंच पळसासारखी हाय रे.